थोरला अनंत, धाकटा अनंत

वरपक्षाची माणसं जास्त जेवली की वधूपक्षाची, हा वाद केटररचं बिल हातात पडल्याशिवाय पेटत नाही. आणि पेटला की घरातले कुणी मुरलेले काका मध्ये पडून म्हणतात, ‘अरे, मोजायचं काय त्यात? सगळी आपलीच माणसं!’ असं म्हणणाऱ्या काकांनी मनातल्या मनात केव्हाच मोजलेलं असतं, निकालही लावलेला असतो. तो जाहीर करून नव्या सोयरिकीला पहिल्याच दिवशी तडा द्यायची त्यांची तयारी नसते, इतकंच. गणिताच्या इतिहासात या काकांची भूमिका सगळ्यांत दिमाखात कुणी वठवली असेल तर ती गॅलिलिओने. वास्तविक या गृहस्थाने जन्मभर तुलनेशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. जड गोळा आधी पडतो की हलका, पृथ्वी फिरते की सूर्य, हे विचारता विचारता त्याने नजरकैद ओढवून घेतली. त्या नजरकैदेत असतानाच, १६३८ साली, दोन नव्या शास्त्रांवरचं त्याचं पुस्तक हॉलंडात लायडनला छापून आलं. त्यात तिघेजण गप्पा मारतात. त्यांतला साल्व्हियाती सहज बोलल्यासारखं विचारतो, की १, ४, ९, १६ अशा वर्गसंख्या जास्त, की सगळ्या नैसर्गिक संख्या? उघड आहे, सगळ्या जास्त. २, ३, ५ हे तर कुणाचे वर्गच नाहीत. पण प्रत्येक संख्येला तिचा एक वर्ग असतो आणि प्रत्येक वर्गाला त्याचं एक मूळ. मग दोन्ही सारख्याच झाल्या की! इथवर आणून सोडल्यावर गॅलिलिओ निकाल देतो तो असा: जास्त, कमी, सारखं हे शब्द अनंताला लागूच होत नाहीत. म्हणजे मोजायचं काय त्यात, सगळी आपलीच माणसं. धर्मसभेपुढे ज्याला गुडघे टेकायला लावावे लागले, तो अनंतापुढे आपण होऊन टेकला.

काकांना बाजूला सारून वाद मिटवायचा, तर उपाय आहे आणि त्याला आकडेसुद्धा लागत नाहीत. पंगत समोरासमोर मांडायची. एका रांगेत वरपक्ष, समोरच्या रांगेत वधूपक्ष, एकासमोर एक. एकही पान समोरच्या चेहऱ्यावाचून राहिलं नाही, तर दोन्हीकडची माणसं सारखी. किती आहेत हे वाढप्याला ठाऊक नसलं तरी चालतं. या एकास एक जुळणीच्या नियमाला सांत संचांच्या बाबतीत आजवर कुणी हरकत घेतलेली नाही. जर्मनीतल्या हाले गावी शिकवणाऱ्या गेऑर्ग कॅन्टरने (१८४५–१९१८) केलं ते इतकंच, की हाच नियम अनंत संचांना लावायचं ठरवलं आणि जो निकाल येईल तो मुकाट मानायचंही ठरवलं. यातली पहिली गोष्ट कुणालाही जमते. दुसरी जमलेली माणसं फार थोडी. अनंत संचांच्या तुलनेचं गणित अवघड असतं, ही समजूत शाळेतल्या मार्कांची लाज झाकण्यापुरती सोयीची आहे, आणि आमच्यासारख्यांनी ती वर्षानुवर्षं वापरलेली आहे. पण ती खरी नाही. गणित पंगतीइतकंच आहे. अवघड जातं ते, नियमाला आपणच मान डोलावल्यानंतर, आपल्या विरुद्ध गेलेला निकाल मान्य करणं.

पहिला निकाल लागतो तोच असा. सम संख्या आणि सगळ्या नैसर्गिक संख्या समोरासमोर बसवा: १ समोर २, २ समोर ४, ३ समोर ६. कुणीही उभं राहत नाही. दोन्ही सारख्या. लगेच हरकत येते, की आम्ही दुसऱ्या तऱ्हेने बसवतो, २ समोर २, ४ समोर ४. मग विषम संख्या ताटकळत राहतात, त्याचं काय? त्याचं काहीच नाही. यजमानाने मुद्दाम वेडीवाकडी पंगत मांडली म्हणून माणसं वाढत नाहीत. बरोबरी ठरायला एक पंगत नीट बसली तरी पुरे. उलट एक संच दुसऱ्याहून मोठा म्हणायचा, तर पंगत कशीही मांडली तरी मोठ्या बाजूचं कुणीतरी उभं राहतंच, असं दाखवावं लागतं. दुसरी हरकत जास्त वजनदार, कारण तिच्यामागे युक्लिड उभा आहे: पूर्ण हे भागापेक्षा मोठं असतं, हे त्याने सिद्धही केलं नव्हतं, गृहीतच धरलं होतं. युक्लिडचा शब्द खाली पाडणं बरं दिसत नाही. पण त्याच्यासमोर जी पूर्णं होती ती सांत होती, आणि सांत वस्तूंचा अनुभव अनंतावर लादायचा हट्ट धरला, तर हट्टाला उत्तर नसतं. रिचर्ड डेडेकिंडने १८८८ साली या तक्रारीचीच व्याख्या करून टाकली: जो संच स्वतःच्याच एखाद्या तुकड्याशी एकास एक जुळतो, त्याला अनंत म्हणायचं. म्हणजे आरोपीने आरोप कबूल केला आणि तोच ओळखपत्रावर छापून घेतला.

या ओळखपत्राचं सगळ्यांत गाजलेलं प्रात्यक्षिक म्हणजे डाव्हिड हिल्बर्टचं हॉटेल. हिल्बर्टने ते १९२४-२५ च्या सुमारास ग्योटिंगेनच्या व्याख्यानात उभारलं, आणि जॉर्ज गॅमोने १९४७ सालच्या आपल्या पुस्तकातून जगभर पोचवलं. अनंत खोल्या, प्रत्येक खोलीत एक पाहुणा. रात्री उशिरा बॅग घेऊन कुणीतरी उगवतो. ‘खोल्या सगळ्या भरल्यात?’ ‘सगळ्या.’ ‘मग जागा नसेल?’ ‘नसायला काय झालं?’ मॅनेजर प्रत्येकाला शेजारच्या खोलीत सरकवतो, १ मधला २ मध्ये, २ मधला ३ मध्ये, आणि पहिली खोली रिकामी होते. पाठोपाठ अनंत माणसांनी भरलेली बस येते. आता प्रत्येकाने आपल्या खोलीच्या दुप्पट नंबरच्या खोलीत जायचं. विषम नंबरच्या सगळ्या खोल्या मोकळ्या. एक कोटीव्या खोलीतला सद्गृहस्थ नुकताच कपडे खुंटीला लावून आडवा झालेला असतो. ‘दोन कोटीत? आणि लिफ्ट?’ या प्रश्नाला गणिताच्या पुस्तकांत उत्तर नाही. हॉटेलवरची सगळी टीका या गृहस्थाच्या बाजूने असते, आणि ती रास्तही आहे, पण ती सोयीविषयी आहे. एकाही पाहुण्याला रस्त्यावर झोपावं लागलं असं त्याला दाखवता येत नाही.

इथे चतुर माणसं वेगळा मोर्चा उघडतात. ती म्हणतात, जुळणीचा नियम हाच एकमेव नियम कशावरून? पहिल्या शंभर संख्यांत सम पन्नास, पहिल्या हजारांत पाचशे, म्हणजे सम संख्या निम्म्याच. हे खरं आहे आणि गणितात या मापालाही जागा आहे, त्याला घनता म्हणतात. फक्त ते माप माणसं किती हे सांगत नाही, ती किती दाटीने बसलीत हे सांगतं. त्या मापाने वर्गसंख्यांची घनता चक्क शून्य भरते, आणि शून्य घनतेचा अनंत जमाव ही काही पूर्ण-भाग प्रकरणापेक्षा पचायला हलकी गोष्ट नाही. अलीकडे व्हिएरी बेंची आणि माउरो दी नास्सो या इटालियन गणितज्ञांनी तर भाग नेहमी पूर्णापेक्षा लहानच राहील अशी रीतसर मोजपद्धत रचली. युक्लिड सुखावला असता. पण तिथे नैसर्गिक संख्या एकूण सम आहेत की विषम, असं विचारलं, तर ते सुरुवातीच्या एका निवडीवर अवलंबून राहतं. हवं तर सम, हवं तर विषम. तेव्हा लाडकं तत्त्व जपायची किंमत दुसऱ्या खिडकीवर भरावी लागते, आणि जुळणीचा नियम निदान निवडी विचारत नाही.

असो. सम संख्यांनंतर कॅन्टरने अपूर्णांक पंगतीला बसवले. दोन संख्यांच्या मधल्या फटीत अनंत अपूर्णांक कोंबलेले असतात, त्यामुळे ते तरी नक्की जास्त भरतील असं वाटतं. पण अंश आणि छेद यांची बेरीज लहान असेल तो आधी, असा क्रम लावला की सगळे शिस्तीत एका रांगेत उभे राहतात, पहिला, दुसरा, तिसरा. बैजिक संख्या, म्हणजे पूर्णांकी सहगुणकांच्या समीकरणांची उत्तरं, त्यासुद्धा बसतात. एव्हाना विरोधकांचा सूर पालटलेला असतो. मघापर्यंत अनंत सारखे असूच शकत नाहीत म्हणणारे आता म्हणू लागतात, की हात्तिच्या, सगळे अनंत सारखेच, मग तुलनेला अर्थ काय उरला? नेमक्या या क्षणी नियम त्यांना दुसरा तडाखा देतो. १८७४ साली कॅन्टरने दाखवलं, की संख्यारेषेवरच्या सगळ्या वास्तव संख्या नैसर्गिक संख्यांसमोर बसवताच येत नाहीत. हा बॉम्ब त्याने ज्या निबंधात ठेवला, त्याच्या शीर्षकात फक्त बैजिक संख्यांच्या एका गुणधर्माचा उल्लेख होता. बर्लिनला लेओपोल्ड क्रोनेकर बसला होता, पूर्णांकांपलीकडच्या कशावरही त्याचा विश्वास नव्हता. तेव्हा पाकिटावर आत काय आहे ते न लिहिण्यात शहाणपण होतं.

सतरा वर्षांनी, १८९१ मध्ये, कॅन्टरने त्याच निकालाची इतकी सोपी सिद्धता दिली की ती बसच्या तिकिटामागे मावेल. समजा कुणी ० आणि १ यांच्या मधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी करून आणली. पहिल्या संख्येचा पहिला अंक बघा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा, असं कर्णावरून उतरत जा. अंक ५ असेल तर ६ लिहा, नसेल तर ५ लिहा. तयार झालेली संख्या यादीतल्या प्रत्येकीपेक्षा निदान एका अंकाने वेगळी. मग संवाद असा होतो. ‘यादी पूर्ण आहे?’ ‘पूर्ण.’ ‘मग ही कितवी?’ ‘पाचशेवी असेल.’ ‘तिचा पाचशेवा अंक वेगळा आहे.’ ‘मग पाचशे एकावी.’ ‘तिचा पाचशे एकावा वेगळा आहे.’ ‘घरी जाऊन शोधून सांगतो.’ शोधायला गेलेले लोक परत येत नाहीत, टपालाने निबंध पाठवतात. विल्फ्रिड हॉजेस या ब्रिटिश तर्कशास्त्रज्ञाने १९९८ साली एक लेखच लिहिला आहे, संपादक म्हणून आपल्याकडे आलेल्या हताश करणाऱ्या निबंधांवर; आणि ते सगळे याच कर्णाच्या युक्तीचं खंडन करणारे होते. या निरुपद्रवी युक्तिवादाने या मंडळींचं काय वाकडं केलं असावं, याचं त्याला मनापासून कुतूहल वाटतं. मला विचाराल तर काही वाकडं केलेलं नाही, त्याने फक्त निकाल लावला, आणि तेही दोन मिनिटांत. वर्षभर चाललेली केस हरली तर माणूस वकिलाला शिव्या देतो. दोन मिनिटांत हरली, की कायदाच चुकीचा ठरवतो.

खंडनांत नेहमीच्या हरकती तीन. एक, राहिलेली संख्या यादीच्या डोक्यावर घाला, झालं पूर्ण. हॉटेलात नवा पाहुणा नाही का घेतला? जरूर घाला. मग या नव्या यादीचा नवा कर्ण काढू, नवी संख्या बाहेर राहील. या एका संख्येला जागा नाही असा दावाच नाही. कुठलीही यादी आणा, तिच्याबाहेर कुणीतरी राहतंच, असा दावा आहे. दोन, ०.५ आणि ०.४९९९… ही एकाच संख्येची दोन रूपं, तेव्हा बाहेरची वाटली ती वेष पालटून आतच बसली असेल. हरकत बारीक आहे आणि म्हणूनच आपण फक्त ५ आणि ६ वापरले; सलग नऊ किंवा सलग शून्यं आल्याशिवाय असं सोंग घेता येत नाही. तीन, हीच युक्ती अपूर्णांकांवर चालवली तर तेही यादीत मावणार नाहीत, आणि मघाशी तर मावले होते! चालवून बघा. कर्णावरून उतरून जी संख्या मिळते ती यादीबाहेरची असते खरी, पण ती अपूर्णांक नसते, तिचे अंक आवर्ती होत नाहीत. बिनआमंत्रणाचा माणूस पंगतीत सापडला नाही म्हणून यजमानाला दोष देता येत नाही. या तिन्ही हरकती कुणाला सुचल्या तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. उत्तर मिळाल्यावर चौथी शोधायला बसतात, ती मंडळी हॉजेसच्या वाट्याला येतात.

आता एक हरकत खास आपल्या बाजूची, की यात नवीन काय, पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्ण उरतं हे आपल्या ऋषींनी सांगूनच ठेवलंय. सांगितलंय खरं. भास्कराचार्यांनीही, ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणला आहे, शून्याने भागून येणाऱ्या ‘खहर’ राशीत काही मिळवलं वा वजा केलं तरी ती बदलत नाही असं लिहिलं. पण हे सगळं हॉटेलच्या पहिल्या प्रवेशापर्यंत येतं, जिथे सगळं पूर्ण सारखंच असतं. एक पूर्ण दुसऱ्यापेक्षा मोठं असतं, हे त्यात नाही. त्या बाबतीत श्रेय द्यायचंच तर जैन ग्रंथकारांना द्यावं. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे थर लावून त्यांनी पुढे पोटभेदही पाडले. नियम मात्र त्यांच्याकडे जुळणीचा नव्हता. ‘आमच्याकडे हे आधीच होतं’ म्हणणाऱ्यांना पेटंट हवं असतं, कर्ण काढायचे कष्ट नको असतात.

निकाल मानण्याची खरी परीक्षा मात्र कॅन्टरचीच झाली, तीही त्याच्याच हातून. रेघेवरचे बिंदू आणि चौरसातले बिंदू यांत जास्त कोणते? त्याची स्वतःची अटकळ अशी, की चौरसातले जास्त असणार, यात विचारायचं काय. आणि १८७७ साली त्याला जुळणी सापडली. चौरसातल्या बिंदूचे दोन निर्देशक घ्यायचे, त्यांचे अंक वेणीसारखे आलटून पालटून गुंफायचे, की रेघेवरचा एक बिंदू मिळतो. (त्यात ०.४९९९ छापाची एक फट होती, ती डेडेकिंडने दाखवली आणि कॅन्टरने बुजवली.) त्याने डेडेकिंडला जे पत्र लिहिलं ते जर्मनमध्ये, पण या मुद्द्यापाशी आल्यावर एकदम फ्रेंचमध्ये शिरून म्हणाला, की मला हे दिसतंय पण माझा यावर विश्वास बसत नाही. विश्वास बसत नसतानाही त्याने ते छापायला पाठवलं, आणि छपाई लांबली तेव्हा यामागे क्रोनेकर आहे असा संशय घेतला. अटकळ एका बाजूला आणि नियम दुसऱ्या बाजूला उभे राहिले, तेव्हा हा माणूस नियमाच्या बाजूला जाऊन बसला. आपल्यातल्या बहुतेकांनी या प्रसंगी नियमातच दुरुस्ती सुचवली असती.

शेवटची हरकत व्यवहारी माणसाची: याचा उपयोग काय? उपयोग ज्याच्या हातात आहे तोच हा प्रश्न विचारतो, कारण तो मोबाइलवर टाइप करून विचारतो. १९३६ साली अ‍ॅलन ट्यूरिंगने ज्या निबंधात संगणकाची कागदावरची कल्पना मांडली, त्यात कर्णाचीच युक्ती वापरली आहे. कुठलाही प्रोग्राम म्हणजे सांत लांबीचा मजकूर, त्यामुळे सगळे प्रोग्राम एका रांगेत बसतात. वास्तव संख्या बसत नाहीत. म्हणजे बहुतेक वास्तव संख्या अशा आहेत की त्यांचे अंक एकामागून एक छापणारा प्रोग्राम कुणी लिहूच शकणार नाही, कंपनी कितीही पगार देवो.

इतकं सगळं मान्य केलं की वाटतं, चला, आता थोरला अनंत कोण ते एकदाचं ठरवून टाकू. तेही होत नाही. कुठल्याही संचाच्या सगळ्या उपसंचांचा संच त्या संचापेक्षा मोठा असतो, हे कॅन्टरनेच सिद्ध केलं. म्हणजे थोरल्यावर थोरला, त्यावर त्याहून थोरला, वडीलपणा कुणालाच कायमचा लाभत नाही. निदान धाकट्यांचा क्रम तरी? नैसर्गिक संख्या सगळ्यांत धाकट्या, हे पक्कं. पण त्यांच्या आणि वास्तव संख्यांच्या मधल्या मापाचा कुणी आहे का? कॅन्टर म्हणाला, नाही. १८८४ साली त्याने गणितज्ञ मित्ताग-लेफ्लरला सिद्धता मिळाल्याचं कळवलं, काही महिन्यांनी उलट बाजूची सिद्धता मिळाल्याचं कळवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तीही मागे घेतली. हिल्बर्टने १९०० साली पॅरिसला मांडलेल्या आपल्या प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न पहिला ठेवला. कुर्ट ग्योडेलने १९३८ मध्ये दाखवलं की संचांच्या रूढ गृहीतकांवरून ‘मध्ये कुणी नाही’ हे खोटं ठरवता येणार नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवलं की खरंही ठरवता येणार नाही, आणि त्याला फील्ड्स पदक मिळालं. काका भेटले असते तर म्हणाले असते, मी काय सांगत होतो! पण गणितज्ञ काकांसारखे गप्प बसले नाहीत. मध्ये जे कुणी असू शकतील त्यांना अक्षरं देऊन ते त्यांच्यातच थोरलं-धाकटं पाहू लागले. त्यांतल्या p आणि t या दोघांत p मोठा नाही इतकं माहीत होतं, लहान आहे की सारखा हे १९४० च्या दशकापासून कळत नव्हतं. मरियान्थी मालियारिस आणि सहारोन शेलाह यांनी दुसऱ्याच प्रश्नावर काम करताना दाखवलं, की दोघे सारखे. मग २०१९ साली गोल्डस्टर्न, केल्नर आणि पुन्हा तेच शेलाह यांनी एका प्रसिद्ध तक्त्यातली दहा मापं एकाच वेळी सगळी एकमेकांपेक्षा वेगळी असू शकतात असं दाखवलं, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत ओळीने. ओळ लागली म्हणून हायसं वाटावं, तर लगेच दुसरा निबंध आला: या दहांचा क्रम वेगळाही लावता येतो. यातला खरा कुठला, असं विचारायला जावं तर उत्तर मिळतं, ‘तुम्हांला कुठला हवाय?’